उभ्या घोडीचं छप्पर

"वर काय आसा?"

कुठेही शिरले की मालकांचा पहिला प्रश्न हा. तुम्ही-आम्ही कुणाकडे गेलो तर आधी माणसांकडे बघतो, कसं काय विचारतो. मालक दारातच मान मागे टाकून छताकडे बघायचे. हात पोचत असेल तर बोटाच्या पेराने छप्पर ठोकायचे आणि कान तिरपा करून आवाज ऐकायचे. एकदा बेस्टच्या बसमध्ये त्यांनी दांडा धरायच्या आधी टप वाजवला, तर कंडक्टर वैतागून म्हणाला, "काय काका, दार समजलात काय?" मालक शांतपणे म्हणाले, "ॲल्युमिनियम. पण रिव्हेट ढिल्ले झालेत. पावसाच्या आधी बगून घ्या." सगळी बस वर बघायला लागली. मी खिडकीबाहेर बघत, हा माणूस आपल्या ओळखीचाच नाही असा चेहरा करून बसले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. साकीनाक्याला एका बोळात मालकांचं वर्कशॉप होतं. नुसती चासी म्हणजे इंजिन आणि चाकांवरचा सांगाडा आमच्याकडे यायचा आणि त्यावर आम्ही बॉडी बांधायचो. टेम्पो, शाळेच्या बस, आणि हो, घोड्यांच्या गाड्या. रेसचे घोडे पायी फिरत नाहीत महाराजा! मुंबईहून पुण्याला, नाहीतर फार्मवर, ते ऐटीत गाडीतून जातात. त्या गाड्या बांधणारे मोजकेच होते, त्यात आमचे मालक. मी घाटकोपरहून यायचे, फोन घ्यायचे, कोटेशन टाईप करायचे आणि उरलेल्या वेळात मालकांच्या मागे मागे फिरायचे, कारण त्यांना काही विचारायचं तर चालत चालतच विचारावं लागे.

हा माणूस बसायचाच नाही हो! तळमजल्याच्या केबिनमध्ये त्यांची खुर्ची होती, तिच्यावर कायम कॅनव्हासचे नमुने. चहाची बशी हातात धरून वर्कशॉपभर येरझाऱ्या घालायचे आणि अर्धा चहा सांडायचे. जेवायचे उभ्याने. मी एकदा म्हटलं, "मालक, दोन मिनिटं टेका ना, मला गरगरायला लागलंय." तर म्हणाले, "गो बाय, मिया खय तुका फिराक सांगतंय? तू बस." आणि गेले पुढच्या गाडीकडे. मूळचे मालवणकडचे. मिलमध्ये फिटर होते, संपाच्या कितीतरी आधी तिथून बाहेर पडले. घर नाहूरला. चिडले की मालवणी, खूश झाले की मालवणी, फक्त गिऱ्हाइकाशी मराठी आणि रफिकचाचाशी हिंदी. रफिकचाचा म्हणजे आमचे पत्र्याचं काम करणारे मिस्त्री. त्यांच्याशी मालकांचं रोज सकाळी भांडण व्हायचं आणि ते झालं नाही तर दोघांनाही करमायचं नाही.

माझे वडील गेले तेव्हा मालक घरी आले होते. दारात चप्पल काढली, मान मागे टाकली आणि वर बघितलं. आमची वरच्या मजल्यावरची खोली, कोपऱ्यात ओल आलेली. आई बसा म्हणाली, बसले नाहीत. हात जोडून निघून गेले. मला इतका राग आला म्हणून सांगू! एवढ्या दिवशीसुद्धा छप्परच? दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस डांबराचा डबा आणि गोणपाट घेऊन आमच्या गच्चीवर हजर. "साकीनाक्याच्या शेठने पाठवलंय," म्हणाला. त्या पावसाळ्यात आमचा कोपरा पहिल्यांदा कोरडा राहिला. आई अजून त्यांचं नाव काढते.

पण हे छप्पराचं वेड असंच उगाच लागलेलं नव्हतं. त्याच्यामागे एक मेलेला घोडा होता.

मी कामाला लागायच्या आधीची गोष्ट ती, पण तिथे कुणी ती विसरलेलं नव्हतं. मालकांनी बांधलेली पहिली घोड्यांची गाडी. वर जाड पत्रा, मजबूत, हत्ती नाचला तरी वाकणार नाही असा. घोडे नेहमी पहाटे नेतात, उन्हाच्या आत पोचवायचे असतात. पण रस्ता कुणाच्या बापाचं ऐकतो का? मे महिन्यात मुलुंडच्या चेकनाक्यावर ट्रकची रांग लागली आणि गाडी तिच्यात अडकली. भर दुपारी तो पत्रा तापला तो तापलाच. आतला घोडा आधी घामाने निथळला, मग त्याचा घाम थांबला, मग तो खाली बसला आणि परत उठला नाही. त्याच्याबरोबर त्याचा सईस होता, म्हणजे घोड्याचं सगळं करणारा माणूस. दगडूमामा. साताऱ्याकडचे, उंचेपुरे, मिशीवाले. त्या घोड्याला त्यांनी शिंगरू असल्यापासून वाढवलेलं.

पत्रा हवा म्हणून तबेल्याच्या साहेबांनीच सांगितलं होतं, त्यामुळे ते मालकांना काही बोलले नाहीत. पुढची कामंही देत राहिले. दगडूमामाही बोलले नाहीत. म्हणजे अजिबातच बोलले नाहीत. तेव्हापासून ते वर्कशॉपमध्ये यायचे, मालक समोर उभे असायचे, आणि मामा माझ्याकडे बघून म्हणायचे, "बाई, तुमच्या मालकांना सांगा, दार उजवीकडं उघडलं पायजे."

मालक हाताच्या अंतरावर. तेही माझ्याकडे बघायचे. "गो बाय, तेका सांग, उजवीकडेच उघडता."

"बाई, त्यांना इचारा, बिजागरी कसली?"

"पितळेची म्हणून सांग."

मी मध्ये उभी, मान इकडे, मान तिकडे. सुरुवातीला मला हसू यायचं. मग एकदा मामा निघून गेल्यावर मी मालकांचा चेहरा बघितला आणि हसू कुठल्या कुठे गेलं. "बोलतलो तो माझ्याशी," ते स्वतःशीच म्हणाले. "जेव्हा माझ्या छपराखाली परत घोडो उभो करतलो ना, तेव्हा बोलतलो." कारण साहेबांची कामं आम्ही करायचो ती किरकोळ. फाटक बदल, फळ्या बदल. दगडूमामांनी आपल्या हाताखालचा घोडा आमच्या गाडीत पुन्हा चढवलाच नव्हता.

तेव्हा मालकांनी अंगणात चार छपरं उभी केली. लोखंडी अँगलचे चार मांडव, बसस्टॉपसारखे, ओळीने. एकावर पत्रा, एकावर ॲल्युमिनियम, एकावर प्लायवुड आणि त्यावर रंग मारलेलं कॅनव्हास, आणि एकावर फायबर. फायबर तेव्हा नवीन होतं, सगळे त्याच्या प्रेमात. ही छपरं ऊन खायची, पाऊस खायची आणि मालक रोज सकाळी त्यांच्याखालून फिरायचे. पत्रा दुसऱ्याच पावसाळ्यात रिव्हेटच्या भोकांतून गंजायला लागला, आणि पावसात त्याचा आवाज असा की फोनवर मला गिऱ्हाईक ऐकू येईना. ॲल्युमिनियम गंजलं नाही, पण जिथे लोखंडाला टेकलं होतं तिथे पांढरी भुकटी सुटायला लागली, आणि आंब्याची फांदी पडली तर हा एवढा पोचा. फायबरला आवाज नाही, सांधा नाही, दिसायला झकास. पण दोन उन्हाळ्यांत त्याच्यावर केसासारख्या चिरा आल्या आणि हात फिरवला की आतली कुसं टोचायची. प्लाय शांत, पण कडेने पाणी प्यायचं आणि फुगायचं.

"शेठ, कोई एक तो पसंद करो," रफिकचाचा कातावून म्हणायचे. "लडकी देख रहे हो क्या?"

मालकांना पसंतच पडेना. आज ॲल्युमिनियम, उद्या फायबर. अर्धी बांधलेली गाडी सोडायला लावायचे. कामगारांच्या नाकीनऊ आले होते.

शेवटी निकाल लागला तो कुत्र्यांमुळे. आमच्या बोळातली सगळी कुत्री दुपारी झोपायला प्लायच्या मांडवाखाली जायची. पत्र्याखाली एक नाही, फायबरखाली एखादं चुकार. कामगारही डबे घेऊन तिथेच बसायचे. मीही. मालक कबूल करायचे नाहीत, पण आठवडाभर तेही रोज दुपारी एक स्टूल घेऊन चारही मांडवांखाली पाळीपाळीने बसले. होय, बसले! आम्ही काम सोडून ते बघायला गोळा झालो. "ह्या बरा आसा," प्लायखाली बसून ते म्हणाले. "कुत्र्याक कळता, मिस्त्रीक कळणा नाय." चाचा तीन दिवस त्यांच्याशी भांडले नाहीत, इतके रागावले.

आणि नेमकी त्याच सुमाराला तबेल्यातून ऑर्डर आली. नवीन गाडी. एक गाभण घोडी मे महिन्यात नाशिकच्या बाजूला फार्मवर न्यायची होती. रस्ता तोच, नाका तोच. आणि घोडी दगडूमामांच्या हाताखालची. साहेबांनी त्यांना आमच्याकडेच पाठवलं होतं. मामांनी मालकांकडे बघितलंही नाही. "बाई," ते मला म्हणाले, "सायबांचा हुकूम हाय म्हून आलोय. गाडी बगीन, आत जाईन, मग ठरवीन. न्हाई पटलं तर मी तिला चालवत नेईन नाशिकला, पण ह्यांच्या गाडीत घालणार न्हाई." मालक ऐकत होते. त्यांच्या हातातली बशी कलंडली आणि चहा पायावर सांडला, तरी ते हलले नाहीत.

मग काय विचारता! मालकांनी ती गाडी स्वतःच्या हाताने बांधली म्हटलं तरी चालेल. प्लायचं छप्पर, वर दुहेरी कॅनव्हास, कडांना शिशाची पट्टी. एप्रिल संपता संपता गाडी उभी राहिली. रंग वाळत होता. मालक तिच्याभोवती फेऱ्या मारायचे आणि मधूनच आत जाऊन स्टुलावर बसून यायचे.

मे महिन्याच्या एक तारखेला आमच्याकडे सत्यनारायण असायचा. दरवर्षीचा नेम. कामगारांच्या बायका, मुलं, बोळातले शेजारी, सगळे यायचे. त्या वर्षी पूजा प्लायच्या मांडवात मांडली, आणि धूळ येऊ नये म्हणून तिन्ही बाजूंनी कनात बांधली. दुपारची वेळ. मालक सोवळं नेसून पाटावर बसलेले, म्हणजे बसणं भागच होतं. भटजींनी कथा सुरू केली आणि माझ्या लक्षात आलं की आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण एका बाजूने सुटलंय. मी रिकाम्या ड्रमवर चढले, तोरण बांधायला हात वर केले आणि डोकं छताला लागलं.

"अगं आई गं! वर भट्टी आहे नुसती!"

मी आपली सहज ओरडले. खाली सगळे आरामात होते, वारा घालत, गप्पा मारत. पण मालक पाटावरून उठले. भटजी साधुवाण्याची गोष्ट सांगत होते, ते थांबले. मालक म्हणाले, "गो बाय, खाली उतर." मी उतरले. ते सोवळ्यातच ड्रमवर चढले आणि डोकं छताला टेकवून उभे राहिले. घामाच्या धारा लागल्या. मग हळूहळू गुडघे वाकवून खाली बसले, परत उभे राहिले. परत बसले. परत उभे. बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. भटजी म्हणाले, "यजमान, कथा..."

मालकांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"घोडो बसता काय?" त्यांनी सगळ्यांना मिळून विचारलं. कुणालाच कळेना. "कुत्रा निजता. आमी बसून जेवतांव. मिया स्टुलार बसलंय. घोडो उभो रवता, मेल्यांनो! तेचे कान छपराक लागतत! गरम हवा सगळी वर, आणि तेचा डोक्यापण वरच!"

असा गोंधळ मी कुठल्या सत्यनारायणात बघितलेला नाही. मालक सोवळ्यातच ड्रम सरकवत दुसऱ्या मांडवाकडे गेले, कनात तिकडे धरायला लावली, वर चढले. मग तिसऱ्याकडे. चारही ठिकाणी तेच. कनात धरली की वर भट्टी. छप्पर कशाचं हा प्रश्न नंतरचा होता. कोंडलेली हवा बाहेर कुठून जाते, हे इतक्या वर्षांत आम्ही कुणी बघितलंच नव्हतं. चाचा मात्र एकदम उत्साहात आले. "तो ऊपर से निकालो ना शेठ! खिडकी दो ऊपर!" प्रसाद राहिला बाजूला, आणि दोघांचं भांडण सुरू झालं. भटजींनी कथा माझ्या आईला आणि दोन शेजारणींना सांगून पूर्ण केली.

तयार झालेल्या गाडीचं छप्पर दुसऱ्या दिवशी मालकांनी उखडलं. घोडी निघायला थोडेच दिवस उरले होते. आता वर ॲल्युमिनियम, रंग न देता तसंच चकचकीत, लोखंडाला टेकू नये म्हणून मध्ये रबर. खाली प्लाय. दोन्हींच्या मध्ये हातभर पोकळी, पुढून-मागून उघडी. आणि घोडीच्या कानांच्या बरोबर वर दोन झडपा, गाडी उभी असली तरी गरम हवा निघून जाईल अशा. मालक आता आत स्टूल नेत नव्हते, खोका नेत होते. खोक्यावर उभे राहायचे, कान छताला लावून. रात्री घरी जायचे ते बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, फोन केला म्हणून.

दगडूमामा आले तेव्हा भर दुपार होती. गाडी मुद्दाम उन्हात उभी केलेली. मामा आत गेले. त्यांची उंची अशी की हात वर केला तर झडपेला लागायचा. बराच वेळ ते हात वर धरून उभे राहिले. बाहेर मालक एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. मामा उतरले आणि मला म्हणाले, "बाई, त्यांना सांगा, मंगळवारी पहाटं गाडी तबेल्यावर पायजे."

मी सांगायच्या आधीच मालक म्हणाले, "मिया येतंय म्हणून सांग."

मंगळवारी मालक गाडीबरोबर गेले. उन्हाच्या आधी नाका ओलांडून, भिवंडीजवळून फोन करायचं ठरलं होतं. नऊ वाजले, फोन नाही. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. टाईप करायला घेतलं तर दोन ओळींत चार चुका. मग आमच्याकडे टेम्पो दुरुस्तीला आलेल्या एका ड्रायव्हरने सांगितलं, नाक्याच्या पुढे ट्रेलर उलटलाय, रांग पार मुलुंडच्या आतपर्यंत आलीय, काही हलत नाही. मी चाचांकडे बघितलं. चाचा हातोडी खाली ठेवून बोळाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले, जसं काही तिथून नाका दिसणार होता. अंगणात पाय ठेववत नव्हता इतकं ऊन. मी फोन उचलून बघायची, चालू आहे ना. ठेवायची. परत उचलायची. आयुष्यात कुणाच्या फोनची मी एवढी वाट बघितलेली नाही, आणि तीही एका घोडीसाठी, जिला मी डोळ्यांनी बघितलंसुद्धा नव्हतं. घोडीसाठी तरी कशाला म्हणू? मला ठाऊक होतं, ती आत पडली तर मालक परत उभे राहणार नाहीत.

दुपार कलल्यावर फोन वाजला. "गो बाय." आवाज बसलेला. "बरी आसा. गवत खाता." मी तिथेच रडायला लागले. "रडतंस कित्याक? काय झाला नाय. उभी होती, निजली होती. चाचाक सांग, झडपेचो खिळो सैल आसा," आणि फोन ठेवला.

परत आले ते उजवा हात गळ्यात बांधून. खांदा सुजलेला, मान वळेना. "स्टेपनी उचलली," म्हणाले. आम्ही त्यांना चिडवून चिडवून बेजार केलं, या वयात कशाला उचलायची स्टेपनी म्हणून. तो हात नंतर कधी पुरता वर गेलाच नाही. छप्पर ठोकायचं तर डाव्या हाताने ठोकायचे. घोडीला फार्मवर शिंगरू झालं. दगडूमामांनी त्यानंतर आमच्या गाडीतून किती घोडे नेले! पण ते मालकांशी कधी काय बोलले ते मी ऐकलेलं नाही. मला निरोप्या व्हायला मात्र कुणी परत बोलावलं नाही.

चार-पाच वर्षांनी मालक गेले. झोपेत, काही न कळवता. नाहूरच्या घरी पुढच्या खोलीत त्यांना ठेवलं होतं. इतका वेळ एका जागी राहिलेले मालक मला बघवेनात, म्हणून मी बाहेर गॅलरीत येऊन उभी राहिले. जिन्यातून दगडूमामा आले. मिशी पांढरी झालेली. आत न जाता माझ्याजवळच थांबले.

"बाई," ते म्हणाले, "त्या दिवशी नाक्यावर घोडी लई बावरली हुती. पोटात पोर, बाहेर भोंगे, पाय आपटाय लागली. मालक खोक्यावर चढलं, तिच्या तोंडाला तोंड लावून उभं ऱ्हायलं. तिनं हनुवटी टाकली त्यांच्या खांद्यावर आन डोळं मिटलं. घोड्याचं डोस्कं किती जड असतं, ठावं हाय? मी म्हनलं, मालक, सरका, मी धरतो. तर म्हनलं, गप, जाग येईल. चार घंटं, बाई. रांग सुटंपातूर. हाललं न्हाईत. पाय लटालटा कापत हुतं, पर हाललं न्हाईत. घोडी कोरडी ठाक हुती. त्यांच्या अंगावरचा सदरा पिळला आमी मागनं."

मला स्टेपनी आठवली.

मामांनी चपला काढल्या, आत गेले. पायाशी न जाता ते डोक्याकडे गेले, जमिनीवर बसले आणि मालकांच्या उजव्या खांद्यावर आपला पंजा ठेवला. माणसं येत होती, हार घालत होती, जात होती. उचलायची वेळ झाली तेव्हा पोरांनी त्यांना हलकेच बाजूला व्हायला सांगितलं. मामा म्हणाले, "थांबा जरा." आणि हात तसाच ठेवून बसून राहिले.